हेलन टॉसिग

हेलन ब्रुक टॉसिग (जन्म : २४ मे १८९८, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स, मृत्यू : २० मे १९८६, पेनसिल्व्हेनिया) या अमेरिकन डॉक्टर आणि बालहृद्रोगशास्त्र या स्वतंत्र वैद्यकीय शाखेच्या संस्थापक होत्या. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या हॅरिएट लेन या बालरुग्ण विभागातील हृद्रोग चिकित्सालयाच्या त्या १९३० ते १९६३ या काळात प्रमुख होत्या. हृदयातील जन्मजात दोषामुळे अंग निळे पडणाऱ्या मुलांसाठी १९४४ मध्ये जी शस्त्रक्रिया प्रथम करण्यात आली, तिची मूळ कल्पना टॉसिग यांची होती. शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक व त्यांचे प्रयोगशाळा-सहकारी व्हिव्हियन थॉमस यांच्यासह त्यांचे नाव या शस्त्रक्रियेला दिले जाते.

टॉसिग यांची ख्याती मुख्यतः या शस्त्रक्रियेमुळे झाली. त्यांच्या कार्याचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा असूनही कमी परिचित आहे. शस्त्रक्रिया झालेले मूल बरे झाले असे मानून त्या थांबल्या नाहीत. ते मूल शाळेत जाऊ लागले, वयात आले, नोकरीला लागले, संसारी झाले, तरी त्याच्या हृदयाची नोंद त्यांनी चालू ठेवली. हृद्रोग असलेल्या मुलांवर ती मोठी होईपर्यंत आणि त्यानंतरही लक्ष ठेवले पाहिजे, हा आज सर्वमान्य झालेला विचार रूढ होण्यात त्यांच्या या कार्याचा मोठा वाटा आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी व बालपण

टॉसिग यांचे वडील फ्रँक विल्यम टॉसिग हे हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. आई एडिथ थॉमस गिल्ड या स्त्रियांसाठी स्थापन झालेल्या रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी होत्या. चार भावंडांत हेलन सर्वांत धाकट्या. त्या अकरा वर्षांच्या असताना आईचे क्षयरोगाने निधन झाले. पुढे स्वतः हेलन यांनाही क्षयाची बाधा झाली आणि काही काळ त्यांना पूर्णवेळ शाळेत जाता आले नाही.

त्यांच्या शिक्षणात आणखी एक अडसर होता. अक्षरे व शब्द ओळखण्यात त्यांना फार अडचण येई. आज या अवस्थेला डिस्लेक्सिया म्हणतात. त्या काळी असे मूल मंदबुद्धी किंवा आळशी समजले जाण्याचा संभव असे. वडिलांनी मात्र धीर न सोडता मुलीला घरी नियमितपणे शिकवले. वाचनाचे हे कष्ट त्यांना पुढेही करावे लागले. शिकण्यात मागे पडलेल्या किंवा आजारपणामुळे शाळा बुडालेल्या मुलाची स्थिती त्यांनी स्वतः अनुभवली होती.

तरुणपणापासून त्यांची श्रवणशक्तीही कमी होत गेली. हृद्रोगतज्ज्ञाचे बरेचसे निदान स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या आवाजांवर अवलंबून असते, त्यामुळे ही उणीव त्यांच्या व्यवसायाच्या दृष्टीने गंभीर होती. श्रवणयंत्र, आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप आणि बोलणाऱ्याच्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखण्याची सवय यांच्या साहाय्याने त्यांनी आपले काम चालू ठेवले. मुलाच्या छातीवर हळुवारपणे हात ठेवून हृदयाचे ठोके व कंपने बोटांनी जाणून घेण्याचे कौशल्य त्यांनी आत्मसात केले होते.

शिक्षण

१९१७ मध्ये शालेय शिक्षण संपवून टॉसिग यांनी रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे त्या टेनिसपटू म्हणूनही नावाजल्या होत्या. दोन वर्षांनी त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील महाविद्यालयात गेल्या आणि १९२१ मध्ये पदवीधर झाल्या.

वैद्यकीय शिक्षणाचा त्यांचा मार्ग सरळ नव्हता. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या काळी स्त्रियांना प्रवेश नव्हता. तेथील सार्वजनिक आरोग्य विद्यालयात स्त्रियांना अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुभा होती, परंतु पदवी दिली जात नसे. पदवी मिळणार नसेल तर तेथे शिकण्यात अर्थ नाही, असे टॉसिग यांचे मत झाले. हार्वर्डमध्ये त्यांना ऊतिशास्त्राचे वर्ग ऐकण्याची परवानगी मिळाली, तीही पुरुष विद्यार्थ्यांपासून दूर, वर्गाच्या कोपऱ्यात बसण्याच्या अटीवर.

यानंतर त्यांनी बोस्टन विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा अभ्यास केला. तेथील प्राध्यापक अलेक्झांडर बेग यांनी त्यांच्या हाती बैलाचे हृदय देऊन त्याचा अभ्यास करण्यास सुचवले. त्यातून हृदयाच्या स्नायूंच्या आकुंचनाविषयीचा त्यांचा पहिला शोधनिबंध तयार झाला व १९२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बेग यांच्याच सल्ल्यावरून त्यांनी स्त्रियांना समान अटींवर प्रवेश देणाऱ्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज केला. तेथून १९२७ मध्ये त्यांनी एम.डी. ही पदवी मिळवली.

प्रौढांच्या औषधोपचार विभागातील उमेदवारीची जागा त्यांना थोडक्यात हुकली. त्यामुळे एक वर्ष हृद्रोगाचे संशोधन केल्यावर त्या बालरोग विभागात दाखल झाल्या. अशा रीतीने हृदय आणि बालक हे दोन विषय त्यांच्या कार्यात एकत्र आले.

हॅरिएट लेन येथील चिकित्सालय

जॉन्स हॉपकिन्सच्या बालरोग विभागाचे प्रमुख एडवर्ड्स पार्क यांनी मुलांच्या दीर्घकालीन आजारांसाठी स्वतंत्र चिकित्सालये सुरू केली होती. त्यांपैकी हृद्रोग चिकित्सालयाची जबाबदारी त्यांनी १९३० मध्ये टॉसिग यांच्याकडे सोपवली.

त्या काळी या चिकित्सालयात येणाऱ्या बहुसंख्य मुलांना संधिज्वरामुळे हृद्रोग झालेला असे. घशाच्या विशिष्ट जंतुसंसर्गानंतर काही मुलांचे सांधे सुजतात व ताप येतो. सांध्यांची सूज ओसरते, परंतु हृदयाच्या झडपांना झालेली इजा कायम राहू शकते. हा ज्वर पुन्हा पुन्हा उलटला तर इजा वाढत जाते. पेनिसिलिनचा वापर सुरू होण्यापूर्वी विश्रांती, शुश्रूषा आणि देखरेख यांपलीकडे फारसे उपाय नव्हते. अशा मुलाला एकदा तपासून निर्णय देणे पुरेसे नसे. तेच मूल सहा महिन्यांनी, वर्षाने, पाच वर्षांनी पुन्हा तपासावे लागे. दीर्घकाळ लक्ष ठेवण्याची टॉसिग यांची पद्धत या रुग्णांपासून सुरू झाली.

हृदयाच्या जन्मजात दोषांकडेही टॉसिग यांनी लक्ष द्यावे, असा पार्क यांचा आग्रह होता. प्रारंभी टॉसिग त्याबाबत उत्साही नव्हत्या, कारण या मुलांसाठी करता येण्याजोगे काहीच नव्हते. असे दोष शवविच्छेदनातच उलगडत आणि वैद्यकीय ग्रंथांत त्यांना दुर्मिळ व असाध्य म्हटलेले असे. माँट्रियल येथील मॉड ॲबट यांनी अशा हृदयांचे नमुने जमवून त्यांचे वर्गीकरण केले होते आणि १९३६ मध्ये त्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला होता. टॉसिग यांनी १९३८ मध्ये माँट्रियलला जाऊन त्यांची भेट घेतली.

ॲबट यांनी मृत हृदयांचा अभ्यास केला होता. टॉसिग यांना जिवंत मुलाच्या हृदयातील दोष ओळखायचा होता. त्यासाठी त्यांच्याजवळ मोजकीच साधने होती : प्रत्यक्ष तपासणी, हृदयाचा विद्युत आलेख आणि फ्लूरोस्कोप. फ्लूरोस्कोप म्हणजे क्ष-किरणांच्या साहाय्याने धडधडणारे हृदय पडद्यावर दाखवणारे यंत्र. मुलाला त्याच्यासमोर निरनिराळ्या कोनांत उभे करून त्या हृदयाच्या प्रत्येक भागाचा आकार पाहत. पुढे ते मूल दगावले, तर शवविच्छेदनातील निष्कर्ष आपल्या पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहत. अशी अनेक वर्षे गेल्यावर बाह्य लक्षणांवरून आतील रचना ओळखता येऊ लागली. प्रत्येक दोषाचे स्वतःचे ठरावीक चित्र असते, हे त्यांनी दाखवून दिले.

निळी मुले

जन्मजात दोष असलेल्या मुलांत एक मोठा गट निळसर वर्णाच्या मुलांचा होता. त्यांचे ओठ, जीभ व नखे निळी दिसत. बोटांची टोके फुगीर होत. चार पावले चालताच त्यांना धाप लागे आणि ती उकिडवी बसून श्वास सावरत. रडताना काही मुले अधिकच निळी पडून बेशुद्ध होत. यांपैकी अनेक मुलांना असलेला दोष फ्रेंच डॉक्टर एतियेन-लुई-आर्थर फालो यांनी १८८८ मध्ये सविस्तर वर्णिला होता. त्यात चार विकृती एकत्र आढळतात : फुप्फुसाकडे रक्त नेणारा मार्ग अरुंद असतो, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते, महाधमनी त्या छिद्राच्या वर सरकलेली असते आणि उजव्या निलयाची भिंत जाड झालेली असते. परिणामी पुरेसे रक्त फुप्फुसात पोहोचत नाही आणि प्राणवायू न मिळालेले रक्त शरीरभर फिरते.

ही मुले हृदय थकल्यामुळे मरतात, असा सर्वसाधारण समज होता. टॉसिग यांचा निष्कर्ष निराळा होता. त्यांच्या मते हृदयाची शक्ती टिकून असे. कमतरता होती ती फुप्फुसाला मिळणाऱ्या रक्ताची.

या निष्कर्षाला आधार मिळाला तो त्याच मुलांच्या वारंवार केलेल्या तपासणीतून. गर्भावस्थेत महाधमनी व फुप्फुसधमनी यांना जोडणारी एक छोटी वाहिनी असते. ती जन्मानंतर काही दिवसांत आपोआप बंद होते. क्वचित ती काही काळ उघडी राहते. निरोगी मुलात ती उघडी राहणे हा दोष होय. निळ्या मुलांत मात्र ती उघडी असेपर्यंत प्रकृती बरी राही आणि ती बंद होताच मूल झपाट्याने खालावे, असे टॉसिग यांच्या लक्षात आले. त्या वाहिनीतून थोडे रक्त फुप्फुसाकडे वळत होते आणि त्यावरच मूल तग धरून होते. मग अशी वाहिनी कृत्रिम रीतीने तयार करता येईल काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

बोस्टनचे शल्यविशारद रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये एका मुलातील अशी उघडी वाहिनी बांधून बंद करण्यात यश मिळवले होते. वाहिनी बंद करता येते, तर ती निर्माणही करता यावी, या विचाराने टॉसिग त्यांना भेटल्या. ग्रॉस यांना या सूचनेत रस वाटला नाही.

१९४४ ची शस्त्रक्रिया

१९४१ मध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक जॉन्स हॉपकिन्सच्या शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्याबरोबर व्हिव्हियन थॉमस हे त्यांचे प्रयोगशाळेतील सहकारीही आले. थॉमस हे कृष्णवर्णीय होते. आर्थिक मंदीमुळे त्यांचे महाविद्यालयीन शिक्षणाचे स्वप्न भंगले होते, परंतु प्रायोगिक शस्त्रक्रियेत त्यांचा हात असामान्य होता. टॉसिग यांनी या दोघांपुढे आपला प्रश्न मांडला.

त्यानंतरच्या काळात थॉमस यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग केले. आधी त्यांनी प्राण्यांत निळेपणासारखी अवस्था निर्माण केली आणि मग हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसधमनीला जोडून ती दूर करण्याची पद्धत सिद्ध केली. इतक्या बारीक रक्तवाहिन्या जोडण्यासाठी लागणारी काही उपकरणेही त्यांनी स्वतः घडवली.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लॅलॉक यांनी ही शस्त्रक्रिया प्रथमच एका बालरुग्णावर केली. ती मुलगी पंधरा महिन्यांची होती आणि तिचे वजन जेमतेम चार किलोग्रॅम होते. थॉमस ब्लॅलॉक यांच्यामागे एका चौरंगावर उभे राहून सूचना देत होते, कारण ही जोडणी त्यांनी अनेकदा केली होती आणि ब्लॅलॉक यांचा तिचा सराव फार थोडा होता. टॉसिग त्या वेळी शस्त्रक्रियागृहात हजर होत्या. मुलगी वाचली आणि तिचा वर्ण सुधारला. परंतु ही सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांनी तिच्यावर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली व त्यानंतर तिचा मृत्यू झाला.

तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. चिमटे सोडून रक्तप्रवाह सुरू करताच, शस्त्रक्रियेच्या टेबलावरच त्याचे गडद निळे ओठ गुलाबी झाले. पहिल्या तीन रुग्णांचा वृत्तान्त मे १९४५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ब्लॅलॉक व टॉसिग यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात थॉमस यांचा उल्लेख नव्हता.

या लेखानंतर देशोदेशींचे पालक आपल्या मुलांना घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. १९५१ पर्यंत तेथे हजाराहून अधिक मुलांवर ही शस्त्रक्रिया झाली. १९४७ मध्ये ब्लॅलॉक व टॉसिग यांनी लंडन व पॅरिस येथे जाऊन तेथील डॉक्टरांना तिची माहिती दिली. हृदयविकारावर शस्त्रक्रियेचा इलाज होऊ शकतो, हा विश्वास यातून वाढला.

श्रेयाच्या वाटणीवरून मात्र पुढे मतभेद झाले. मूळ कल्पना टॉसिग यांची, प्रयोग थॉमस यांचे आणि शस्त्रक्रिया ब्लॅलॉक यांची, असे साधारणतः मानले जाते. थॉमस यांना १९७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली. दीर्घकाळ ब्लॅलॉक-टॉसिग या नावाने ओळखली गेलेली ही जोडणी आता ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग जोडणी म्हणून ओळखली जाते.

मुलांचा दीर्घकालीन पाठपुरावा

ही शस्त्रक्रिया हृदयातील मूळ दोष दूर करीत नाही. आतील छिद्र तसेच राहते, अरुंद मार्गही तसाच राहतो. रक्ताला फुप्फुसाकडे जाण्यासाठी फक्त एक पर्यायी वाट मिळते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर अनेक प्रश्न उभे राहत होते. मूल वाढेल, पण जोडलेली वाहिनी त्या प्रमाणात वाढेल का? पुरेल एवढे रक्त तिच्यातून वाहत राहील का? प्रमाणाबाहेर रक्त गेले तर फुप्फुसांवर व हृदयावर काय परिणाम होईल? या प्रश्नांची उत्तरे शस्त्रक्रियेच्या दिवशी कोणालाच देता येण्याजोगी नव्हती. ती मिळवण्यासाठी त्या मुलांबरोबर वर्षानुवर्षे राहणे आवश्यक होते.

टॉसिग यांनी हे काम आपल्याकडे घेतले. मुले ठरावीक कालावधीने तपासणीस येत. जी लांबच्या गावी परतली होती, त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू असे. वजन व उंची, त्वचेचा वर्ण, चालण्याची व जिना चढण्याची क्षमता, रक्ताचा दाटपणा, हृदयाचा आकार अशा बाबींची नोंद केली जाई. त्याचबरोबर मूल शाळेत जाते का, खेळते का, घरच्या माणसांनी त्याला फार जपून पांगळे तर केले नाही ना, याकडेही टॉसिग यांचे लक्ष असे. हृद्रोगाच्या भीतीने मुलाला सतत अंथरुणात ठेवण्यास त्यांचा विरोध होता. त्याला झेपेल तेवढे चालू-फिरू द्यावे आणि त्याचे शिक्षण खंडित होऊ देऊ नये, असे त्या पालकांना समजावत. पालकांशी बोलताना रोगाचे स्वरूप त्या न लपवता, सोप्या शब्दांत सांगत. अनेक रुग्णांशी व त्यांच्या कुटुंबांशी त्यांचे संबंध आयुष्यभर टिकले.

१९६३ मध्ये चिकित्सालयाच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी या नोंदींच्या विश्लेषणाचे काम अधिक व्यापक प्रमाणावर हाती घेतले. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा शोध घेऊन त्यांच्या सद्यःस्थितीची माहिती जमवण्यात आली. त्यावर आधारलेली लेखमाला १९७१ पासून जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यातील १९७५ च्या लेखात फालोच्या विकृतीसह जन्मलेल्या रुग्णांचा शस्त्रक्रियेनंतर २० ते २८ वर्षांपर्यंतचा वृत्तान्त आहे.

या लेखमालेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात यशापयशाचा सारखाच हिशोब मांडलेला आहे. एके काळी ज्यांना चार पावले चालता येत नव्हते, त्यांपैकी बरेच जण शिकले, नोकरीला लागले, विवाहित झाले व त्यांना मुलेबाळे झाली. परंतु काहींची जोडणी वाढत्या शरीराला अपुरी पडली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. काहींना हृदयाच्या अंतःस्तराचा जंतुसंसर्ग, मेंदूतील गळू यांसारख्या गुंतागुंतींना तोंड द्यावे लागले. दुसऱ्या शस्त्रक्रियांवर आणि उद्भवलेल्या गुंतागुंतींवर या मालेत स्वतंत्र लेख आहेत. आपले नाव ज्या उपचाराला लाभले, त्याच्या उणिवा त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवल्या.

मधल्या काळात शस्त्रक्रियेचे तंत्र पुढे गेले होते. १९५० च्या दशकात रक्ताभिसरण बाहेरून चालू ठेवून हृदय उघडणे शक्य झाले आणि १९५४ मध्ये मिनेसोटा येथे वॉल्टन लिलेहाय यांनी फालोच्या विकृतीची हृदयाच्या आत संपूर्ण दुरुस्ती केली. जोडणीच्या आधारे वाढलेल्या मुलांपैकी अनेकांना पुढे या दुरुस्तीचा लाभ झाला. कोणत्या रुग्णाला ती केव्हा करावी, हे ठरवताना पूर्वीच्या रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदी उपयोगी पडल्या.

ग्रंथलेखन व अध्यापन

टॉसिग यांचा हृदयाच्या जन्मजात विकृतींवरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिवंत रुग्णातील लक्षणांवरून निदान कसे करावे, याचे पद्धतशीर विवेचन त्यात आहे. १९६० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती दोन खंडांत निघाली. हा ग्रंथ बालहृद्रोगशास्त्राचा पाया मानला जातो. १९४९ मध्ये त्यांनी रिचर्ड बिंग यांच्यासह वर्णिलेली हृदयाची एक विकृती टॉसिग-बिंग या नावाने ओळखली जाते.

त्यांच्या चिकित्सालयात देशोदेशींचे डॉक्टर प्रशिक्षणासाठी येत आणि परतल्यावर आपापल्या ठिकाणी अशीच चिकित्सालये उभारत. भारताच्या दृष्टीने त्यांत डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये टॉसिग यांच्या हाताखाली काम केले व पुढे हार्वर्डमध्ये पॉल डडली व्हाइट यांच्याकडे अध्ययन केले. भारतात आल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात हृद्रोग चिकित्सालय सुरू केले आणि १९६२ मध्ये ऑल इंडिया हार्ट फाउंडेशनची स्थापना केली. त्यांना १९९२ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. संधिज्वरजन्य हृद्रोग हा त्यांच्याही अभ्यासाचा प्रमुख विषय होता.

थॅलिडोमाइड प्रकरण

१९६२ च्या प्रारंभी टॉसिग यांना त्यांच्या एका जर्मन शिष्याकडून एक अस्वस्थ करणारी बातमी कळली. पश्चिम जर्मनीत हातपाय नसलेली किंवा खुरटलेले हातपाय असलेली अनेक बालके जन्माला येत होती आणि गर्भारपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाशी त्याचा संबंध असल्याचा संशय होता. टॉसिग स्वतः जर्मनीला गेल्या, तेथील चिकित्सालयांना भेटी दिल्या, मुलांना पाहिले आणि डॉक्टरांकडून माहिती घेतली.

अमेरिकेत परतल्यावर त्यांनी वैद्यकीय सभांमधून व लेखांमधून या धोक्याची जाणीव करून दिली आणि अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. अन्न व औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी पुराव्याअभावी हे औषध अमेरिकेत विकण्यास परवानगी दिलेली नव्हती. त्यांची ही सावधगिरी किती रास्त होती, हे टॉसिग यांच्या माहितीने स्पष्ट झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये औषधांच्या सुरक्षिततेबरोबर परिणामकारकतेचाही पुरावा बंधनकारक करणारा कायदा अमेरिकेत संमत झाला.

सन्मान

१९३० पासून चिकित्सालयाचे नेतृत्व करूनही टॉसिग यांना सहयोगी प्राध्यापकपद १९४६ मध्ये आणि पूर्ण प्राध्यापकपद १९५९ मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या चार वर्षे आधी मिळाले. १९५४ मध्ये त्यांना ब्लॅलॉक व ग्रॉस यांच्यासह लास्कर पुरस्कार देण्यात आला. १९६४ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या हस्ते त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. १९६५ मध्ये त्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि १९७३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली.

अखेरची वर्षे व निधन

टॉसिग अविवाहित होत्या. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथे समुद्राजवळ त्यांचे घर होते. तेथे बागकाम, पोहणे व मित्रमंडळींचा पाहुणचार यांत त्यांचा उन्हाळा जाई. निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन थांबले नाही. पुढे त्या पेनसिल्व्हेनियातील केनेट स्क्वेअर येथील वृद्ध निवासात राहावयास गेल्या. वयाच्या ऐंशीनंतर त्यांनी पक्ष्यांच्या हृदयांचा अभ्यास सुरू केला. माणसात आढळणाऱ्या विकृती पक्ष्यांतही आढळतात, यावरून या दोषांचे मूळ उत्क्रांतीच्या प्राचीन टप्प्यात असावे, असा त्यांचा विचार होता. या विषयावरील त्यांचा लेख मरणोत्तर, १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

२० मे १९८६ रोजी मतदानासाठी मित्रमैत्रिणींना मोटारीने नेत असताना झालेल्या अपघातात त्यांचे निधन झाले. अठ्ठ्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह जॉन्स हॉपकिन्सला दान करण्यात आला.

वारसा

जॉन्स हॉपकिन्समधील जन्मजात हृद्रोग केंद्राला टॉसिग यांचे नाव देण्यात आले आहे. २००५ मध्ये तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांची चार गटांत विभागणी झाली तेव्हा एका गटाला टॉसिग यांचे व दुसऱ्याला व्हिव्हियन थॉमस यांचे नाव देण्यात आले. या शस्त्रक्रियेच्या इतिहासावर २००४ मध्ये अमेरिकेत एक दूरचित्रवाणी चित्रपटही तयार झाला.

टॉसिग यांनी काम सुरू केले तेव्हा गंभीर जन्मजात हृद्रोग असलेली बहुतेक मुले बालपणीच दगावत. आज त्यांपैकी बहुसंख्य मुले उपचारांमुळे प्रौढ होतात. त्यामुळे जन्मजात हृद्रोग असलेल्या प्रौढांची देखभाल ही वैद्यकाची एक नवी शाखा निर्माण झाली आहे. बालपणी शस्त्रक्रिया होऊन पूर्ण बरी वाटणारी व्यक्ती मोठेपणी तपासणी सोडून देते आणि दुरुस्त केलेल्या झडपेतील गळती किंवा ठोक्यांमधील अनियमितता उशिरा लक्षात येते, ही या शाखेपुढील नेहमीची अडचण आहे. म्हणूनच बालपणीच्या चिकित्सालयाकडून प्रौढांच्या चिकित्सालयाकडे रुग्ण व त्याच्या नोंदी व्यवस्थित सोपवण्यावर आज भर दिला जातो. हॅरिएट लेन येथे टॉसिग यांनी १९३० मध्ये सुरू केलेल्या कामाची ही पुढची पायरी होय.